कटिंगच्या टेबलावरचं पोहणं

“पृथ्वीचा तीन चतुर्थांश भाग पाण्याने व्यापलेला आहे. सबब, ज्याला पोहता येत नाही, त्याला या पृथ्वीवर राहण्याचा फक्त चार आणे हक्क आहे!”

हेडमास्तर आठल्ये गुरुजींनी हे वाक्य आमच्या गावच्या थोरल्या विहिरीच्या काठावर उभं राहून उच्चारलं. साल एकोणीसशे साठ, एप्रिलचा शेवटचा आठवडा. वार्षिक परीक्षा आटोपलेली. विहिरीच्या पायऱ्यांवर गावातली वीस-पंचवीस पोरं लंगोट्या लावून कुडकुडल्यासारखी उभी होती. उन्हाळा असला तरी भाषण ऐकताना अंगावर काटा येतोच. गुरुजींचा आवाज विहिरीत घुमला, खालून परत वर आला, आणि सगळ्यांना एकदम पटला.

बोलताना गुरुजींनी डाव्या हातानं मोटेचा खांब धरून ठेवला होता. भाषण संपलं तरी तो सुटेना. शेवटी पोरांना पोहायला शिकवणाऱ्या आबा कोळ्यांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि त्यांना चार पावलं मागं, कोरड्या जमिनीवर आणून सोडलं. गुरुजींचा स्वतःचा हक्क चार आण्यांचाच होता.

माझा तर तेवढाही नव्हता. मी पोरांच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, जांभळीच्या सावलीत बसलो होतो. माझ्या पत्रिकेत पाण्यापासून घात लिहिला होता. जोशीबुवांनी बारशालाच बजावलं होतं, “बारा वर्षं पुरी होईस्तोवर पोराला पाण्याजवळ सोडू नका.” म्हणजे गावात ज्या पोराला बुडण्याचा धोका सगळ्यांत जास्त, नेमकं त्यालाच पोहायला शिकवायचं नाही, असं ठरलं. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. आठल्ये गुरुजींनाही नाही, आणि ते गणित शिकवायचे.

आम्ही जुळी. मी आधी, आणि माझ्या मागून अकरा मिनिटांनी यमुना. पत्रिका मात्र माझ्या एकट्याचीच केली. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलं होतं म्हणे, “आन् पोरीची?” जोशीबुवा म्हणाले, “तिची लग्नाच्या वक्ताला बघू की. आत्ताच काय घाई?”

आमच्या घरात लेकी-सुनांना नद्यांची नावं ठेवायची रीत होती. आत्या गोदावरी, आई कृष्णाबाई, बहीण यमुना. तिघींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं.

दादा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. पायानं चालवायचं एक मशीन, भिंतीला तयार कपड्यांची दोरी, आणि मध्ये कापड कापायचं भलंमोठं सागवानी टेबल. दादा त्याला ‘कटिंगचं टेबल’ म्हणत, आणि त्याला कुणी पाय लावला तर देवाला लावल्यासारखे रागवत. या गोष्टीतलं बरंचसं पोहणं त्या टेबलावर झालं.

आबा कोळ्यांची शिकवण्याची रीत सोपी होती. पहिल्या दिवशी पोराच्या पाठीवर दोन वाळके भोपळे बांधायचे आणि त्याला पायरीवरून ढकलायचं. पोरगं आधी आईला हाक मारी, मग देवाला, आणि मग हातपाय. आठवड्यानं एक भोपळा काढायचा. पोरगं तिरकं तिरकं पोहू लागायचं. आणखी चार-सहा दिवसांनी दुसराही काढायचा. त्या दिवशी पोरगं विहिरीला तीन फेऱ्या मारून वर आलं, की आबा ओल्या हातानं त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, “सुटला रं सुटला, भोपळा सुटला! आता समुद्रात टाकला तरी तरशील!” त्या पोरानं समुद्र पाहिलेला नसे. आबांनीही नव्हता. पण तो गुळाचा खडा तोंडात विरघळेपर्यंत ते पोरगं गावचा राजा असे. गूळ पाण्यातून वर आल्यावरच खायचा, कोरड्या अंगानं नाही, असा नियम होता. तो कुणी केला ते ठाऊक नाही. पण पाळत सगळे.

यमी मला जेवायला बोलवायला म्हणून विहिरीवर यायची आणि जांभळीच्या खोडाआडून बघत राहायची. पहिल्याच दिवशी ती सरळ आबांपुढं जाऊन उभी राहिली.

“आबा, मला पण शिकवा.”

पोरं हसली. आबा हसले नाहीत. “या टोळभैरवांत न्हाई, बाय. सकाळी बायकांच्या वक्ताला आमची तानाक्का असती हितं. तिला माझ्यापरास चांगलं येतंय. तू आईस इचारून ये. मी दोन बारकं भोपळं काढून ठिवतो तुला.”

आई अंगणात कुरडयांचा चीक शिजवत होती. चुलीच्या धगीनं तिचं तोंड लाल झालं होतं.

“आई, तानाक्का मला पोहायला शिकवणार आहे. सकाळी. बायकाच असतात.”

“पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी का?”

“यंदा कुरडया घालायच्यात.”

कुरडया आणि पोहणं यांचा संबंध काय, हे यमीनं विचारलं नाही. आमच्या घरात आईचं कारण हे कारण असे. त्याचा संबंध विचारायचा नसे. ती माळवदावर काठी घेऊन कुरडयांवरचे कावळे हाकत बसली. दुपारी मी विहिरीवरून आलो, तेव्हा तिनं मला माळवदावर बोलावलं.

“सद्या, आबा काय काय सांगतात ते तुला सगळं ऐकू येतं?”

“सगळं. पाठ आहे माझं.”

“म्हण.”

मी म्हटलं. “हात कापायचे न्हाईत, पाणी मागं लोटायचं. पाय बेडकागत. त्वांड मिटून नाकानं वारा सोडायचा. मान ताठ ठिवायची न्हाई. आन् घाबरलास की बुडलास.” आबांचा आवाज मला बरा जमायचा. मास्तरांच्या, जोशीबुवांच्या, सगळ्यांच्याच नकला मला जमायच्या. बाकी काही फारसं जमत नव्हतं.

यमी विचार करून म्हणाली, “तुला पाण्यात जायला बंदी आहे. शिकवायला बंदी आहे का?”

“शिकवायला नाही.”

“मग मला शिकव.”

“कुठं?”

“टेबलावर.”

दादा जेवून आतल्या खोलीत लवंडले, की तासभर उठत नसत. आम्ही दुकानाचं दार ओढून घेतलं. यमी टेबलावर पालथी पडली. भोपळे कुठून आणायचे? मी मांजरपाटाचे दोन तागे तिच्या पाठीवर ठेवले आणि दादांच्या मापाच्या टेपनं घट्ट बांधले. टेप तिच्या पोटावर बरोबर बावीस इंचांवर आली, हे मला अजून आठवतं.

“आता?” यमी म्हणाली.

“आता आईला हाक मार.”

“का?”

“सगळे मारतात.”

“आई झोपलीय. उठेल.”

“मग मनात मार.”

तिनं डोळे मिटून मनात हाक मारली आणि हातपाय मारायला सुरुवात केली. पहिल्याच दणक्याला खडूचा डबा आणि कात्री खाली गेली, आणि त्यांच्यामागं यमी. ती फरशीवर बसून कोपर चोळत म्हणाली, “बुडले.”

“बुडली नाहीस, पडलीस. टेबलावर कुणाला बुडता येत नाही.”

हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. टेबलावरच्या पोहण्यात नेमकी हीच खोट होती. पण तेव्हा मला तो त्याचा गुण वाटला.

रोज दुपारी आमचा वर्ग भरू लागला. मी टेबलाभोवती आबांसारखा कमरेवर हात ठेवून फिरत असे. “हात कापू नगंस! पाणी मागं लोट! पाय! पाय कुठं गेलं तुझं, सासरी?” यमी हसायची, मग हसणं दाबायची, कारण आत दादा झोपलेले. तिला सगळं पटकन यायचं. शाळेतही यायचं. वर्गात ती पहिली असायची आणि मी तिचा भाऊ असायचो. दुकानातल्या त्या एका तासात मात्र मी मास्तर होतो, आणि ती ‘हो’ म्हणायची. आयुष्यात पुढं मी बरीच वर्षं लोकांना शहाणपण सांगून पोट भरलं. पण तसं ‘हो’ मला नंतर कुणी म्हटलं नाही.

आठव्या दिवशी मी एक तागा काढला. यमी तिरकी तिरकी पोहली. “तिरकी का जातेस?” “एका भोपळ्यावर सगळे तिरकेच जातात ना?” तिचं निरीक्षण पक्कं होतं.

बाराव्या दिवशी दुसरा तागा काढायचा होता. त्या दिवशी माझा जीव दुकानात नव्हता. चावडीसमोर गोट्यांचा डाव लागला होता आणि धोंडी तेल्याकडं हिरवी काचेची मोठी गोटी होती. ती मला जिंकायची होती. यमीचं मात्र संपेना.

“तीन फेऱ्या झाल्या. आणखी एकदा बघ.”

“झालं ग.”

“माझी मान ताठ होती का?”

“नव्हती.”

“तू बघतच नाहीस. दाराकडं बघतोयस.”

“बघितलं. बरोबर आहे सगळं.”

ती उठून बसली. तिच्या परकराला खडूची पांढरी रेघ लागली होती. “खरंच आलं मला?”

“आलं.”

“मग आबांसारखं सांग.”

मी स्वयंपाकघरात जाऊन गुळाच्या ढेपेचा एक खडा फोडून आणला. कमरेवर हात ठेवले आणि आबांच्या आवाजात, पण दबक्यानं, म्हटलं, “सुटला ग सुटला, यमे, भोपळा सुटला! आता समुद्रात टाकली तरी तरशील!” आणि खडा तिच्या तोंडाकडं नेला.

तिनं तोंड मिटून घेतलं आणि हात पुढं केला. “असा नाही. वर आल्यावर खायचा असतो. ओल्या अंगानं.”

“मग ठेव तुझ्याजवळ,” मी म्हणालो आणि चावडीकडं पळालो.

हिरवी गोटी मला त्या दिवशी मिळाली नाही.

दुसरा दिवस गुरुवार. शेजारच्या गावचा बाजार. आबा आणि तानाक्का मासे घेऊन बाजाराला गेले, की गुरुवारी विहिरीवर पोरांना बंदी असे. सकाळच्या बायका धुणी आटोपून गेल्या होत्या. ऊन चढलं होतं. मी चावडीसमोर उकिडवा बसून हिरव्या गोटीवर नेम धरला होता. मागून यमीचा आवाज आला.

“सद्या, येतोस? एक गंमत दाखवते.”

“कसली?”

“चल तर. तू काठावरच बस. पाण्याजवळ नको येऊस.”

“थांब, माझा डाव आहे.”

“मग मी जाते.”

“जा.”

मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. नेम चुकला असता.

नेम लागला. हिरवी गोटी माझी झाली. मी ती उन्हात धरून तिच्यातून सगळं गाव हिरवं दिसतंय का ते बघत होतो. तेवढ्यात विहिरीकडून गेनाबाई पळत आली. तिच्या डोक्यावर पदर नव्हता, आणि ती कुणाचं नाव घेत नव्हती, नुसती ओरडत होती. चावडीतली माणसं उठली. मीही त्यांच्यामागं पळालो, आणि जांभळीपर्यंत आल्यावर थांबलो. बारा वर्षं पुरी झाली नव्हती. पाण्याजवळ जायला मला बंदी होती.

आबांना बाजारातून सायकलवरून आणलं. त्यांनी अंगातली बंडीसुद्धा काढली नाही.

दादा तिला दोन्ही हातांवर घेऊन घरी आले. अंगणात कुरडया वाळत होत्या. त्यांच्यातून वाट काढावी लागली. आई मध्येच बसली होती आणि कुरडया गोळा करत होती. एकेक उचलून पाटीत ठेवत होती. कुणी तिला थांबवलं नाही.

लोक म्हणाले, पाय घसरला. पाणी बघायला वाकली असेल. जोशीबुवा आले. त्यांनी डोळे पुसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मी आज कबूल करतो. ते आईला म्हणाले, “कृष्णाबाई, पोरगी थोर निघाली. भावाचा घात तिनं आपल्या अंगावर घेतला. सदाला आता भ्या न्हाई.”

बायकांनी हे उचललं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात तेच झालं. येईल ती बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची आणि म्हणायची, “तुझ्यापायी गेली रं लेकरू.”

खरंच होतं ते. त्यांना माहीत होतं त्याहून खरं.

दादा जोशीबुवांकडं वळून म्हणाले, “बुवा, अकरा मिनिटांत तुमचं गिरह किती हालत्यात?”

जोशीबुवांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि ते गेले. पुढं ते आमच्या आळीतून जाताना दुकानाच्या बाजूनं जायचे नाहीत, पलीकडच्या कडेनं जायचे.

तिसऱ्या दिवशी दादांनी मला दुकानात बोलावलं. टेबलावर एक गाठोडं होतं. विहिरीच्या वरच्या पायरीवर सापडलेलं. आबांनी आणून दिलेलं. दादांनी ते सोडलं. यमीचा परकर आणि पोलकं. नीट घडी घातलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ठेवलेल्या धोंड्याचा डाग अजून तसाच. ज्याचा पाय घसरतो तो कपड्यांची घडी घालून त्यावर धोंडा ठेवत नाही. दादा शिंपी होते. कपडे काय सांगतात ते त्यांना कळायचं.

“सदा.”

“जी.”

“तिच्या अंगात तुझी निळी चड्डी हुती.”

मी टेबलाकडं बघत राहिलो. टेबलाच्या कडेला खडूची पांढरी रेघ होती.

“कशी आली?”

“मला ठावं न्हाई.”

“तिनं मागितली हुती?”

“न्हाई.”

दादांनी पोलकं उचललं, तेव्हा त्याच्या घडीतून काहीतरी खाली पडलं आणि टेबलावर गडगडलं. गुळाचा खडा. त्याला मुंग्या लागल्या होत्या. पूर्ण होता, कुठं दातांची खूण नव्हती.

“आन् ह्यो गूळ?”

त्या खड्याचा अर्थ जगात दोघांनाच ठाऊक होता. त्यांतली एक नव्हती. दुसरा म्हणाला, “मला ठावं न्हाई.”

दादांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. टाका कुठं चुकलाय ते कळायला शिंप्याला फार वेळ लागत नाही. मग ते म्हणाले, “बरं,” आणि मुंग्या झटकून तो खडा त्यांनी दुकानातल्या गणपतीपुढं ठेवला.

त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. पुढं बत्तीस वर्षं जगले. मी शिकलो, नोकरीला लागलो, लोकांना हसवण्याबद्दल माझं नाव झालं. ते भेटले की विचारायचे, जेवलास का. तेवढं एक विचारलं नाही. ती निळी चड्डी मात्र त्यांनी त्याच आठवड्यात उसवली. कापली नाही, एकेक टाका ब्लेडनं सोडवत बसले होते. उसवलेला दोरा त्यांनी रिळाला परत गुंडाळला.

तेराव्यानंतर त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला विहिरीवर नेलं. आई मागं पळत आली. “अहो, घात आहे त्याला! बारा वर्षं झाली न्हाईत!”

“घात झालाय,” दादा म्हणाले. “आबा, ह्याला शिकवा.”

आबांनी दोन भोपळे माझ्या पाठीवर बांधले. खरे भोपळे इतके हलके असतात हे मला माहीत नव्हतं. मी पायऱ्या उतरलो. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत पाणी आलं. पाणी फार गार होतं, आणि ते सगळीकडून हलत होतं. टेबल हलत नाही.

“सोड पाय,” आबा म्हणाले. “पोरा, पानी कुनाचं वैरी नसतंय. त्याला आपली वळख करून द्यावी लागती, येवढंच.”

मी पाय सोडले नाहीत. दादा वर उभे होते. मी एकदा वर बघितलं, आणि मग खाली बसून रडायला लागलो. आबांनी माझे भोपळे सोडले. ते सोडताना ‘सुटला’ म्हणाले नाहीत.

मी पोहायला शिकलो नाही. पण एक गोष्ट झाली. पुढच्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आई सकाळी उठली, तिनं आबांकडून बारके भोपळे मागून आणले, आणि ते दोन्ही हातांत धरून घरोघर गेली. दारात उभी राहायची आणि म्हणायची, “पोरीला पाठवा. तानाक्का हाय विहिरीवर.”

बायका म्हणायच्या, “बघू की, पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी न्हाई,” आई म्हणायची. “आज. कपडे मी धरून बसते.”

आणि बसायची. सकाळभर, पोरींच्या परकरांच्या ढिगाशेजारी, जांभळीखाली, माझ्या जागेवर. पहिल्या वर्षी चार पोरी आल्या. धोंडीची बहीण, गेनाबाईच्या दोघी, आणि जोशीबुवांची नात. तिसऱ्या वर्षी सतरा. त्या वर्षी कुरडया आम्ही विकत आणल्या. आई असेपर्यंत हे चाललं. पावसाळ्यात ओढा फुगायचा, विहिरी तोंडापर्यंत भरायच्या. पण आमच्या गावातली एकही पोरगी पुन्हा बुडाली नाही, असं मला लिहिता येतं, याचं श्रेय आठल्ये गुरुजींच्या भाषणाला नाही. आईनं मला मात्र कधी विहिरीवर चल म्हटलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी नात ओवी. वय वर्षं दहा. आमच्या घराजवळ तलाव झाला आहे; निळ्या फरशीचा, तळ दिसणारा. ओवीला तिथं सकाळच्या वर्गात घातलं आणि तिला ने-आण करायचं काम माझ्याकडं आलं. मी कठड्याबाहेरच्या बाकावर बसतो. शिकवणारी मुलगी रेश्मा मुजावर. वय चोवीस, गळ्यात शिट्टी. तिसऱ्या दिवशी ती शिट्टी वाजवत माझ्याकडं आली.

“आजोबा, तुम्ही बाहेरून सूचना देताय. मुलं गोंधळतात.”

“मी? मी काय म्हटलं?”

“‘हात कापू नकोस, पाणी मागं लोट.’ मगाशी ‘पाय कुठं गेले’ असंपण म्हणालात.”

मला ते ऐकू आलं नव्हतं. चौसष्ट वर्षांनी तोंड आपलं आपण बोललं होतं.

“तसं बरोबर आहे हो तुमचं,” ती नरमाईनं म्हणाली. “तुम्हाला येतं का पोहायला?”

“सगळं येतं. फक्त पाण्यात कधी करून बघितलं नाही.”

ती हसली. मग माझं तोंड बघून थांबली. आणि म्हणाली, “बाहेरून शिकवायचं नाही, हा माझा नियम आहे. शिकवायचं असेल तर आत या.”

मी आत गेलो. वय वर्षं चौऱ्याहत्तर, मुलांच्या वर्गात, ओवीच्या शेजारी. इथं भोपळे नसतात. पाठीला पिवळ्या फोमचा ठोकळा बांधतात. दोन दिवस मी गुडघ्यापर्यंतच उभा राहिलो. रेश्मा घाई करत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझे दोन्ही हात धरून ठेवले आणि मी पाय सोडले. पाणी तसंच हलत होतं. ओवी म्हणाली, “आजोबा, डोळे उघडा, काही होत नाही.” मी उघडले. रडलो की नाही ते कुणाला कळायचं कारण नव्हतं; तलावातली ही सोय मला आवडली.

काल अठ्ठाविसावा दिवस. मी कड धरून धापा टाकत होतो. रेश्मा वर उकिडवी बसली आणि माझ्या पाठीवरच्या ठोकळ्यावर टिचकी मारून म्हणाली, “झालं तुमचं, आजोबा. उद्या हे काढू.”

“नीट बघितलंस का?”

“बघितलं.”

“मान ताठ होती का?”

“होती थोडी. उद्या सैल कराल.”

“मग उद्या नको. मान सैल झाली की काढ. आणखी चार दिवस बघ.”

“बरं, शनिवारी,” ती म्हणाली. “पण शनिवारी मी ऐकणार नाही.”

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, दाराकडं नाही. मला वाटलं, हिला सगळं सांगावं. टेबल, टेप, हिरवी गोटी, धोंड्याखालची घडी. दादांना सांगितलं नाही ते हिला सांगावं. कुणाला तरी एकदा सांगितलंच पाहिजे. तोंड उघडलं, तेवढ्यात माझी नजर तिच्या मागच्या पाटीवर गेली: ‘तलाव परिसरात खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.’

“रेश्माताई,” मी म्हणालो, “शनिवारी गुळाचे दोन खडे आणले तर चालतील का? डबी घट्ट झाकणाची आणतो. मुंग्या येणार नाहीत.”